परत आलेला ईमेल आणि नकाराची भाषा

'बाउन्स' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला तो चेकमुळे. अमक्याचा चेक बाउन्स झाला, ही वार्ता बाजारपेठेत किती वेगाने पसरते हे सांगायला नको. चेक परत करताना बँक त्यासोबत एक चिठ्ठी देते. खात्यात पुरेशी शिल्लक नाही, सही जुळत नाही, असे जे काही कारण असेल ते त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते आणि ती चिठ्ठी न्यायालयातही पुरावा म्हणून चालते. आता ईमेलही बाउन्स होतो. त्याच्याबरोबरही कारणाची अशीच चिठ्ठी येते. परंतु तिला पुरावा मानणे तर दूरच, ती कोणी वाचतसुद्धा नाही. 'मेलर-डीमन' अशा चमत्कारिक नावाने आलेले ते इंग्रजी बाड पाहिले, की आपण ते पुसून टाकतो आणि तोच ईमेल पुन्हा एकदा पाठवून देतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही चिठ्ठी आपल्याला आपल्या भाषेत मिळाली पाहिजे आणि कार्यालयांनी ती मानली पाहिजे. साहित्य आणि समाज या थोर विषयांना सोडून वार्षिकात हा विषय कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्यांना माझे उत्तर असे, की आपले अर्ज, दाखले आणि प्रवेश आजकाल याच वाटेने जातात.

प्रथम त्या डीमनाविषयी. त्याला भिण्याचे कारण नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या संगणकतज्ज्ञांनी १९६३ च्या सुमारास, पडद्याआड मुकाट्याने काम करणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाव दिले. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने रेणूंची निवड करीत बसलेले एक भूत कल्पिले होते, त्यावरून ते घेतले. आपण त्याला वेताळ म्हणावे. विक्रमाच्या वेताळासारखा हाही फिरून फिरून परत येतोच.

तर ही चिठ्ठी लिहितो कोण? पुष्कळांची समजूत अशी असते, की ज्याला ईमेल धाडला त्याच्याकडूनच ती आली. बहुधा तसे नसते. आपला ईमेल आधी आपल्या सेवेच्या सर्व्हरकडे जातो. तो पलीकडच्या सर्व्हरचे दार ठोठावतो आणि दोघांमध्ये चक्क संभाषण होते. आपला सर्व्हर स्वतःचे नाव सांगतो, पत्र कोणाचे ते सांगतो, कोणासाठी आहे ते सांगतो आणि मग मजकूर हाती देतो. त्याच्या प्रत्येक बोलण्याला पलीकडचा सर्व्हर तीन आकडी संख्येने उत्तर देतो आणि पुढे दोनचार शब्द जोडतो. २५० म्हणजे 'ठीक आहे, पुढे बोला.' नाव सांगताच ५५० असे उत्तर आले, की पत्र दारातच अडते. पलीकडचा एवढे बोलून मोकळा होतो आणि आपल्याला कळवण्याचे अप्रिय काम आपल्याच सर्व्हरच्या गळ्यात पडते. (कधी पलीकडचा सर्व्हर पत्र आत घेतो आणि मागाहून अडचण लक्षात येऊन स्वतःच चिठ्ठी लिहितो.) या चिठ्ठीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा रकाना मुद्दाम कोरा ठेवतात. तसे केले नसते, तर तीही परत आली असती, मग तिच्या परत येण्याची चिठ्ठी निघाली असती, आणि हा खेळ प्रलयापर्यंत चालला असता.

म्हणजे एका चिठ्ठीत दोघे बोलत असतात. वरचा समजुतीचा मजकूर आपल्या सर्व्हरचा, आणि मध्ये कुठेतरी पलीकडच्याचे मूळ शब्द उद्धृत केलेले. पोस्टफिक्स नावाची सर्व्हरप्रणाली 'अमुक यजमान म्हणाला' असे लिहून पुढे ते शब्द देते, आणि आपण काय बोललो असता हे उत्तर मिळाले तेही शेवटी नोंदवते. सेंडमेल ही त्याहून जुनी. तिच्या चिठ्ठीत तर नाटकाच्या संहितेसारखे दोन्ही बाजूंचे संवाद असतात, एकाच्या ओळीपुढे उजवीकडचे बाण, दुसऱ्याच्या ओळीपुढे डावीकडचे. जीमेल आपल्या चिठ्ठीच्या तळाशी, पलीकडून आलेले उत्तर असे होते म्हणून एक ओळ देते. बाकी सारी चिठ्ठी न वाचता सोडली तरी एक वेळ चालेल, पण ही ओळ सोडू नये. खरा नकार तिथे असतो.

या तीन आकड्यांचे व्याकरण जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या नियमांत आहे. त्यात एक वाक्य असे, की संख्या यंत्रासाठी आहे आणि तिच्यापुढचे शब्द माणसासाठी. मला हे फार आवडले. यंत्राने शब्दांकडे पाहायचे नाही, माणसाने संख्येत अडकायचे नाही. दोघांचीही सोय एकाच ओळीत केलेली. संख्येतला पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. दोन असेल तर काम झाले. चार असेल तर आत्ता नाही, थोड्या वेळाने या. पाच असेल तर नाहीच, असेच पुन्हा येऊ नका. चारचे उत्तर मिळालेला सर्व्हर धीर सोडत नाही. २००८ च्या सुधारित नियमांप्रमाणे त्याने साधारण चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावेत अशी अपेक्षा आहे. म्हणून सोमवारी पाठवलेला ईमेल शुक्रवारी किंवा शनिवारीही परत येऊ शकतो. दरम्यान आपण निर्धास्त, की गेला एकदाचा!

पुढे १९९६ साली या संख्येच्या जोडीला टिंबांनी तोडलेली आणखी एक संख्या आली, जसे ५.१.१. हिचा मधला अंक पाहावा. एक असेल तर दोष पत्त्यात, दोन असेल तर पेटीत, चार असेल तर वाटेत, सात असेल तर सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने अडवले आहे. ५.१.१ म्हणजे या नावाची पेटीच इथे नाही. ५.१.२ म्हणजे @ या चिन्हानंतरचे गावच चुकले. ५.२.१ म्हणजे पेटी आहे, पण बंद केलेली आहे. ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. साताची प्रकरणे अलीकडे वाढली आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले, तेव्हा एखाद्या संस्थेने आपल्या डोमेनच्या नोंदी नीट केल्या नसतील तर तिच्या पत्त्यावरून धाडलेला ईमेल, पत्ता अचूक असूनही, ५.७.२६ असा शेरा घेऊन परत येऊ शकतो. इथे पाठवणाऱ्या विद्यार्थ्याने पत्ता शंभरदा तपासला तरी उपयोग काय?

आमच्या वसतिगृहातल्या एका मैत्रिणीचे सांगते. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली, उत्पन्नाचा दाखला ईमेलने पुन्हा पाठवा, असा तिला एका कार्यालयातून निरोप आला. तिने पाठवला आणि तो पाच मिनिटांत परत आला. इनबॉक्समधली जागा संपली आहे, असे मोबाइलवर इंग्रजीत आले होते. तिने ते वाचले आणि तिला ते समजलेही. म्हणून रात्री बसून तिने आपल्या खात्यातली जागा मोकळी केली. थोरल्या भावाच्या लग्नाचे फोटो त्यात गेले. सकाळी पुन्हा पाठवला, तो पुन्हा परत आला. भरला होता तो तिचा इनबॉक्स नव्हताच. तो कार्यालयाचा होता. ५५२ आणि ५.२.२ हे आकडे चिठ्ठीत स्वच्छ होते आणि ते कोणाच्या तोंडचे हेही वरच्या ओळीत होते. परंतु या चिठ्ठीत दोघे बोलतात, हेच जिला कोणी कधी सांगितले नाही तिने ते ओळखायचे कसे? दोन दिवसांनी ती स्वतः कार्यालयात गेली. तिथले उत्तर ठरलेले होते, 'तुमचा ईमेल आलेलाच नाही.' तिने मोबाइल पुढे केला. त्याकडे कोणी पाहिलेही नाही.

तिचे इंग्रजी कच्चे म्हणून हे झाले, असे आमच्या वर्गातल्या एकीचे मत पडले. मला ते पटत नाही. वाक्याचा अर्थ तिला लागला होता. वाक्य बोलणारा कोण ते लागले नव्हते. आणि घरी विचारावे तर आमच्यासारख्यांच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेल्या आम्हीच पहिल्या. माझी आई सातवीपर्यंत शिकली आहे. टपालाने परत आलेल्या पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा मात्र तिला बिनचूक कळतो. 'पत्ता अपुरा', 'सदर इसम येथे राहत नाही', 'घेण्यास नकार'. दोन-तीन शब्दांत काय घडले, कोणाकडून घडले, पुढे काय करावे, सारे समजते. एवढी प्रगत यंत्रणा आपल्याला त्या निळ्या पेन्सिलीच्या शेऱ्याइतकेही नीट सांगू शकत नाही, ही गोष्ट माझ्या मनाला लागते.

शब्दयोजनेचा प्रश्न इथेच येतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल नावाची सर्व्हरप्रणाली लिहिली. तिची चिठ्ठी नमस्कार करून सुरू होते, आपली ओळख सांगते, पत्र पोचवता आले नाही म्हणते, ही अडचण कायमची असल्याने मी प्रयत्न सोडला आहे असे कबूल करते आणि जमले नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त करते. मग पलीकडचा काय म्हणाला ते देते. यंत्राने माफी मागावी यात थोडी गंमत आहे खरी, पण 'मी' कोण आणि 'पलीकडचा' कोण हे तिथे एका वाचनात कळते. याउलट आजची चकचकीत चिठ्ठी पाहा. जीमेलच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, की पत्ता सापडला नाही. आणि खाली बारीक अक्षरांत, की पत्ता सापडू शकला नाही किंवा तो पत्रे स्वीकारू शकत नाही. या 'किंवा'वर माझा आक्षेप आहे. माणूस त्या घरात राहतच नाही, आणि माणूस आहे पण त्याच्या दाराला कुलूप आहे, या दोन गोष्टी एका दमात सांगून चालत नाही. पहिल्या बाबतीत मी पत्ता शोधायचा, दुसऱ्या बाबतीत कुलूप उघडायला त्याला सांगायचे. सोपे करून सांगण्याच्या नादात उपयोगाचे तेवढे गळून पडले.

आता भाषेविषयी. सर्व्हरांचे संभाषण इंग्रजी अक्षरांतच होते याला जुना नियम कारण आहे. मूळ रचनेत उत्तराच्या मजकुराला रोमन लिपीची साधी अक्षरे तेवढी मुभा होती. मराठीतून नकार द्यायचा म्हटला तरी द्यायची सोय नव्हती. २०१२ साली नियमांत भर पडून, दोन्ही सर्व्हरांना मान्य असेल तर, ईमेलच्या पत्त्यात आणि उत्तरातही इतर लिप्या वापरण्याची वाट उघडली. २०१४ साली '.भारत' हे देवनागरीतले डोमेन सुरू झाले. ज्या भाषांसाठी ते आले त्यांत मराठी होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपल्या महाविद्यालयांतून सत्कार-समारंभ झाले. त्या समारंभांच्या निमंत्रणांपैकी जी परत आली असतील, ती कोणत्या भाषेत परत आली असतील याची कल्पना करून पाहावी.

पण मला विशेष वाटते ते निराळेच. बाउन्सच्या चिठ्ठीची प्रमाण रचना ठरवणारा जो दस्तऐवज १९९६ मध्ये निघाला, त्याच्या उद्दिष्टांतच असे नमूद आहे, की पत्राचे काय झाले आणि का झाले हे माणसाला कळावे, आणि ते कोणत्याही एका मानवी भाषेवर फारसे अवलंबून नसावे. त्यासाठीच चिठ्ठीचे तीन भाग केले. पहिला माणसाने वाचायचा, दुसरा यंत्राने वाचायचा, तिसऱ्यात मूळ पत्र किंवा त्याचा शिरोभाग. दुसऱ्या भागात ५.२.२ असे नुसते आकडे असतात ते एवढ्यासाठीच, की ते वाचून कोणत्याही देशातल्या यंत्राने आपल्या माणसाला त्याच्या भाषेत पहिला भाग लिहून द्यावा. म्हणजे अर्धे काम त्या लोकांनी जवळजवळ ३० वर्षांपूर्वी करून ठेवले आहे, आणि तेही आपली आठवण ठेवून. उरलेले अर्धे काम आपले. ते फार मोठे नाही. या आकड्यांची यादी काही डझनांची आहे. आपला मराठी विभाग आणि संगणक प्रयोगशाळेतले सर मिळून चार रविवारांत तिचे मराठी करू शकतील. मात्र ते शब्दकोश पुढे घेऊन करू नये. 'गंतव्य पत्रपेटिका अनुपलब्ध' असले काही लिहिले, तर त्यापेक्षा इंग्रजी पत्करले. 'ज्यांना ईमेल पाठवलात त्यांची पेटी भरली आहे; तुमची नाही. त्यांना फोन करून कळवा', असे लिहावे.

माझ्या या विचारावर एका प्राध्यापकांनी हरकत घेतली, ती विचार करण्यासारखी आहे. नकाराचे कारण स्पष्ट सांगावे तर त्याचा फायदा ठकांनाच अधिक होतो. कोणते पत्ते खरे आणि कोणते खोटे हे ताडण्यासाठी ते हजारो नावांवर ईमेल धाडतात, ज्यांवर ५५० येत नाही तेवढे टिपून ठेवतात. शिवाय पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचेच नाव घालून ते ईमेल सोडतात, आणि मग न पाठवलेल्या पत्रांच्या चिठ्ठ्या भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत येऊन आदळतात. म्हणून काही सर्व्हर मुद्दाम मोघम बोलतात, काही तर बोलतच नाहीत. सरांचे म्हणणे खोटे नाही. तरीही मला वाटते, की मोघमपणाचा भुर्दंड कोणाला पडतो हे पाहावे. ठकाचा एक पत्ता गेला तर त्याच्याजवळ दुसरे हजार असतात. माझ्या मैत्रिणीजवळ एकच दाखला आणि एकच तारीख होती. आणि पेटी भरली आहे, फाइल मोठी आहे, या गोष्टी सांगितल्याने कोणत्या ठकाचे असे काय भले होणार? मराठी करताना मूळ ओळ खाली जशीच्या तशी ठेवावी, ही सरांची दुसरी सूचना मात्र मला पूर्ण मान्य आहे, कारण दुरुस्ती करणाऱ्याला तीच लागते.

सर्वांत अवघड भाग चिठ्ठी मानून घेण्याचा. टपालाच्या बाबतीत कायदा पाठवणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे, योग्य पत्ता घालून आणि टपालखर्च भरून रजिस्टर पत्र टाकले, की उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचले असे धरतात. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलेले पत्रही न्यायालये सामान्यतः पोचलेच असे मानतात. (रजिस्टर सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, ते असो.) ईमेलच्या बाबतीत २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १३ आहे. त्याचा आशय असा, की इलेक्ट्रॉनिक मजकूर घेणाऱ्याच्या ठरलेल्या संगणकव्यवस्थेत शिरला म्हणजे तो मिळाला. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. पण साधा प्रश्न पडतो, की दारातच ५५२ म्हणून अडवलेला ईमेल आत शिरलाच नाही. म्हणजे ज्याने आपली पेटी रिकामी ठेवली नाही तो 'मिळाला नाही' म्हणून सुटला, आणि जिने वेळेत पाठवला ती उशिराची ठरली. टपालाच्या कायद्याने जे घेणाऱ्याच्या अंगावर टाकले, ते इथे पाठवणाऱ्याच्या अंगावर येऊन पडले.

कायदा बदलायला वर्षे लागतील. परंतु कार्यालयाने, आणि त्यात आपल्या महाविद्यालयाचे कार्यालयही आले, एक साधा नियम करण्यास कायद्याची आडकाठी नाही. ज्या पत्त्यावर अर्ज मागवले त्या पत्त्याच्या सर्व्हरनेच पेटी भरल्याचे वा बंद असल्याचे उत्तर दिले असेल, तर त्या चिठ्ठीची प्रत ही मुदतीत अर्ज केल्याची पोच समजावी. पत्ताच चुकवला असेल, म्हणजे ५.१.१ असेल, तर ही सवलत देऊ नये. फरक आकड्यातच स्पष्ट आहे, त्यासाठी लिपिकाला संगणकतज्ज्ञ व्हावे लागणार नाही. आणि अर्ज मागवणाऱ्या पत्त्याची पेटी मुदत संपेपर्यंत दररोज पाहण्याचे काम कोणा एकाच्या नावाने लावून द्यावे.

तोवर माझ्या बरोबरीच्यांनी एवढे करावे. चिठ्ठी पुसू नये. मोबाइलवरच्या चित्रावर विसंबू नये. संगणकावर मूळ संदेश उघडून तो पूर्ण छापून घ्यावा, कारण दुसरा भाग पुष्कळदा तिथेच दिसतो. त्यात 'ॲक्शन' या नावापुढे 'फेल्ड' आहे की 'डिलेड' ते पाहावे. 'डिलेड' असेल तर ईमेल अजून परत आलेला नाही, सर्व्हर प्रयत्न करतो आहे. 'अरायव्हल-डेट' अशी ओळ असेल तर तिला खूण करावी. आपला ईमेल आपल्या सर्व्हरकडे केव्हा आला ते त्यात असते, आणि चिठ्ठी पाच दिवसांनी आली तरी ती तारीख बदलत नाही. मात्र वेळेपुढे अधिक चिन्ह आणि चार शून्ये असली तर ती आपली वेळ नव्हे. तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. मुदतीच्या दिवशी पहाटे दोनला पाठवलेला ईमेल तिथे आदल्या दिवशीच्या साडेआठाचा दिसेल. आणि मुदतीच्या रात्री बारानंतर पाठवलेलाही मुदतीतलाच दिसेल, तेव्हा कार्यालयानेही हा हिशेब शिकून ठेवावा.